बाहेर आलेला इलेक्ट्रॉन कोणत्या वस्तुमानाचा?

लान्दाऊचा 1956 चा, एकमेकांवर परिणाम करणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा फर्मी द्रव सिद्धांत आणि प्रभावी वस्तुमानाची (पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉन जितका जड भासतो त्या मापाची) कल्पना प्रकाश-उत्सर्जनाच्या, म्हणजे प्रकाश टाकून पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याच्या, प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, असे मी धरून चालतो. मलाही ती ठाऊक होती आणि नेमका तिनेच माझा घात केला.

तांब्याच्या 111 या स्फटिक-दिशेच्या पृष्ठभागावरील अवस्थेत क्वासीपार्टिकलचे, म्हणजे भोवतालासह एका कणासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनचे, वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे 0.4 पट असते. हीलियम दिव्याच्या 21.2 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रकाशाने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा आणि कोन यांवरून संवेग काढताना, इलेक्ट्रॉन तांब्यातला तर वस्तुमानही तांब्यातलेच, अशा समजुतीने मी सूत्रात 0.4 घातले. फर्मी पातळीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेवर, संवेगाचे माप 0.21 प्रति अँगस्ट्रॉम यायला हवे होते, तेथे 0.13 आले, आणि ऊर्जा-संवेगाच्या त्याच अन्वस्तावरून (पॅराबोलावरून) वस्तुमान काढले तेव्हा 0.4 ऐवजी 0.16! तीन आठवडे मी नमुन्याला दोष देत तो स्वच्छ करायला आर्गॉन आयनांचा मारा करीत होतो आणि तांबे पुनःपुन्हा तापवीत होतो.

हे नीट समजून घ्यावे. ते 0.4 इलेक्ट्रॉनच्या अंगचे नव्हे. स्फटिकातील अणूंच्या रांगांबरोबर ठरावीक अंतराने पुन्हा येणारे (आवर्ती) विभव आणि भोवतालचे इतर इलेक्ट्रॉन यांच्या सहवासात त्याचे जे वर्तन दिसते, त्याचे ते माप आहे. निर्वातात तो सहवास उरत नाही. युरेनियम-प्लॅटिनमसारख्या संयुगात ज्याचे वस्तुमान शेकडो पट भासते, तोही बाहेर 9.11 × 10⁻³¹ किलोग्रॅमचाच असतो. बाहेर पोहोचतो तो पृष्ठभागाला समांतर संवेग आणि ऊर्जेचा हिशेब. लंब दिशेची आवर्तिता पृष्ठभागापाशीच तुटत असल्याने त्या दिशेचा संवेग टिकत नाही. क्वासीपार्टिकल पकडला जात नाहीच, मागे राहिलेल्या पोकळीचे आयुष्य तेवढे रेषेच्या रुंदीत उमटते.

गटातील ज्येष्ठांच्या तयार प्रोग्रॅमवर माझा आजही विश्वास नाही आणि 'आधी चालव, मग समजेल' म्हणणारा मार्गदर्शक मला आळशीच वाटतो. मात्र येथे तो प्रोग्रॅम बरोबर होता. त्यातील संवेगाच्या सूत्रातला 0.512 हा मुक्त इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातून आलेला स्थिरांक मीच 'सुधारून' 0.324 केला होता. नवख्याने घाबरू नये, पण तो आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय दिवाही लावू नये.