उन्हापासून त्वचा जपताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात सनस्क्रीनची आठवण होते ती जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास, आणि मृगाचा पाऊस पडला की ट्यूब कपाटात जाते. सगळ्यात मोठी चूक हीच. सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो: मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं, अंगाला चटका बसत नाही, म्हणून आपण बिनधास्त राहतो. पण त्वचा खराब करणारे अतिनील किरण पातळ ढगांतून बऱ्यापैकी खाली येतात. श्रावणात उघडीप मिळाली म्हणून भर दुपारी रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर जाणार असाल, तर मे महिन्याइतकीच काळजी घ्या. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढे. त्यामुळे अकरा ते तीन ही वेळ जपायची.

दुसरी चूक प्रमाणाची. महागडी एसपीएफ ५० (एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) घ्यायची आणि वाटाण्याएवढी लावायची, याला काही अर्थ नाही. ट्यूबवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेला असतो. म्हणजे चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवते, ५० सुमारे ९८. माझं स्पष्ट मत आहे, ३० चीच घ्या पण भरपूर लावा. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला तर लगेच.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. त्वचा काळवंडते, वांग वाढतो, सुरकुत्या लवकर पडतात, त्यात यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांचा मोठा हात असतो; त्यासाठी ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं बघून घ्या. यूव्हीए गाडीच्या बाजूच्या काचेतूनही आत येतात. रोज हायवेने गाडी चालवणाऱ्यांनी आपले दोन्ही हात शेजारी धरून बघावेत, खिडकीकडचा उजवा बहुतेकदा जास्त रापलेला दिसेल.

स्कूटरवरच्या मुली चेहरा स्कार्फने घट्ट बांधतात, गॉगल लावतात, आणि हँडलवरचे पंजे उघडेच राहतात. पायांवर तर कोल्हापुरीच्या पट्ट्यांची नक्षी उमटते: पट्ट्याखाली गोरं, बाकी काळं. कान, मानेची मागची बाजू आणि ओठही असेच राहून जातात. स्कार्फ उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर तो धुळीपुरताच. उसाच्या फडात बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं बांधतात. दिवसभर उन्हात राहायचं तर कुठल्याही क्रीमपेक्षा ते भरवशाचं.

आता उन्हाने रापल्यावर केले जाणारे उपाय, कारण खरं नुकसान बऱ्याचदा इथे होतं. लिंबू चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ क्रीम. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, सगळे विचारतात काय लावतेस म्हणून. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, केस वाढतात आणि थोडंसं ऊनही सोसवत नाही. बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. यात अडकला असाल तर लपवू नका. ती ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. परवडणार नाही असं वाटत असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात दाखवा. किती दिवस लावली ते खरं सांगा, औषध कसं कमी करायचं हे त्यावरच ठरतं.