जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताय? या चुका टाळा

दहा-बारा वर्षे वापरलेला डेस्कटॉप माझ्याकडे दुरुस्तीला येतो, तेव्हा त्याच्यासोबत बहुधा मालकाने आधीच ठरवून टाकलेला इलाजही येतो: 'मशीन स्लो झालंय, प्रोसेसर बदलून द्या.' यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा प्रोसेसर निर्दोष असतो. चालता प्रोसेसर सहसा आपण होऊन बिघडत नाही. त्याच्याभोवतीच्या गोष्टी बिघडतात आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतील एका हिशेबनिसांचा संगणक असाच आला होता. आत इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय५-२४०० प्रोसेसर होता, म्हणजे चार कोअर आणि ३.१ गिगाहर्ट्‌झचा मूळ वेग. त्यांच्या कामासाठी तो आजही पुरेसा होता. मी तापमान व वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम सुरू करून जड काम लावले, तेव्हा तापमान दोन मिनिटांत शंभर अंशांच्या उंबरठ्यावर गेले आणि वेग १.६ गिगाहर्ट्‌झपर्यंत खाली आला. अति तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालकाला जाणवत होता तो मंदपणा हाच. झाकण उघडले तर कूलरच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) चार पायांपैकी एक मदरबोर्डात अडकलेलाच नव्हता आणि त्या बाजूची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली होती. नवी पेस्ट लावून कूलर नीट बसवल्यावर तापमान पासष्टच्या आसपास स्थिरावले. त्यांनी आणून ठेवलेला वापरलेला आय७ तसाच परत गेला.

म्हणून खरेदीच्या आधी तपासणी, हा माझा क्रम मी कोणाच्याही घाईसाठी मोडत नाही. प्रथम कूलरची धूळ काढावी (उद्यमनगरातील वर्कशॉपमधून आलेल्या मशीनमध्ये ही धूळ काळी, तेलकट आणि लोखंडाच्या किसाची असते, त्यामुळे नुसत्या फुंकरीने भागत नाही), मग पेस्ट बदलावी आणि प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्राइम९५ हा प्रोग्राम तासभर चालवून तापमान व वेग दोन्ही पाहावेत. चाचणीत चूक निघाली तरी लगेच प्रोसेसरवर आळ घेऊ नये; मेमटेस्ट रात्रभर लावून रॅम तपासावी. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल, तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी, कारण पुष्कळांचे 'अपग्रेड' तिथेच पुरे होते.

दुसरी चूक मात्र माझा खरोखर अंत पाहते. 'सॉकेट एकच आहे, म्हणजे प्रोसेसर चालणारच' असे लोक गृहीत धरतात; सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. उद्यमनगरातील एका कारखानदाराच्या पुतण्याने एच६१ चिपसेटच्या (बोर्डाच्या नियंत्रक चिपच्या) बोर्डावर आय३-२१०० काढून आय७-३७७० बसवला. दोन्ही ११५५ सॉकेटचेच, त्यामुळे तो बसला बरोबर; पण बोर्ड २०११ चा, प्रोसेसर २०१२ चा आणि बोर्डाचे बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच साठवलेला प्रोग्राम) जुने, त्यामुळे बोर्डाला तो ओळखताच येईना. 'काका, पंखा फिरतोय की, मग डिस्प्ले का येईना?' असे त्याने फोनवर विचारले, तेव्हा मी त्याला हात लावू नको असे सांगितले. पण तोवर त्याने तो प्रोसेसर चार वेळा काढून घातला होता. या सॉकेटमध्ये नाजूक पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाशी फक्त सोनेरी ठिपके असतात. त्याच्या खटपटीत दोन पिना वाकल्या आणि नंतर जुना आय३ सुद्धा चालेनासा झाला. भिंग, टेबललॅम्प आणि शिसे काढलेली मेकॅनिकल पेन्सिल घेऊन मला दोन संध्याकाळी त्या पिना सरळ करत बसावे लागले. त्यानंतर आय३ वर मशीन सुरू करून बायोस अपडेट केले, तेव्हा कुठे आय७ चालला.

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचे, एवढेच यात गुपित आहे. बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक व रिव्हिजन (त्या मॉडेलची आवृत्ती) वाचून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी पाहावी. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. यादीत नाव नसेल, तर विषय संपला. ११५१ सॉकेटच्या बाबतीत तर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण अधिकृतपणे चालत नाही, आणि यूट्यूबवरील जुगाड पाहून पिनांवर टेप चिकटवणाऱ्यांचे मशीन मी हाती घेत नाही. अपडेट मी यूपीएसवरच करतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि अर्धवट अपडेट झालेला बोर्ड जागेवरच बसतो.

किरकोळ चुका थोडक्यात सांगतो. प्रोसेसरला वीज देणारी चार पिनांची वेगळी जोडणी लावायची राहते आणि प्रोसेसर 'मेला' असे जाहीर होते. नव्या कूलरच्या तळावरचा प्लास्टिकचा पातळ कागद तसाच राहतो. एएम४ या एएमडीच्या सॉकेटवर (यात पिना प्रोसेसरला असतात) थंड कूलर सरळ वर ओढला, तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. मशीन दहा मिनिटे चालवून, बंद करून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मगच उचलावा. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय नसते, हे ग्राफिक्स कार्ड नसलेल्यांनी आधी पाहावे. वापरलेला प्रोसेसर घेताना वरच्या कोरीव अक्षरांवर विसंबू नये, बसवल्यावर सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये नाव पडताळावे.

खर्चाबद्दल माझे मत लोकांना रुचत नाही, तरी सांगतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे तिसऱ्या पिढीचा आय७ टाकून मशीन वेगवान होईल, पण विंडोज ११ च्या अटीत बसणार नाही. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) वापरणाऱ्याने खुशाल घ्यावा. इतरांनी स्वस्तात मिळाला तरच घ्यावा, आणि काढलेला जुना प्रोसेसर महिनाभर विकू नये. कारखानदाराच्या मशीनमधला तो आय३ मी अजून डबीत जपून ठेवायला लावला आहे. बोर्डाने पुन्हा रुसवा धरला, तर पहिल्यांदा तोच लागेल.