पोट झाकायला दोन साइझ मोठा शर्ट? भरल्या अंगाच्या पुरुषांनो, या चुका टाळा

पोट सुटलेला माणूस कपड्याच्या दुकानात शिरला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'जरा ढगळच दाखवा.' दुकानदारही वाद घालत नाही, कारण ढगळ शर्ट सहसा परत येत नाही. मग ४४ चा माणूस ४८ चा शर्ट घालून ऑफिसला, लग्नाला, चवथीच्या आरतीला जातो आणि आहे त्यापेक्षा जाड दिसतो.

तयार शर्ट एकट्या पोटात मोठा होत नाही, तो सगळीकडूनच मोठा होतो. खांद्याची शिवण दंडावर उतरते, कॉलर मानेपासून सुटते, काखेचा घेर खाली येतो आणि हात वर केला की अख्खा शर्ट वर चढतो. बघणारा माणसाची रुंदी खांद्याच्या शिवणीवरून जोखतो. ती शिवण दोन्हीकडे एकेक इंच बाहेर गेली, तर कापड तिथून सरळ खाली लोंबतं आणि सगळं अंग पोटाच्याच रुंदीचं वाटतं. भरल्या अंगाच्या माणसाकडे बहुतेक वेळा चांगला रुंद खांदा असतो. ढगळ शर्ट नेमका तोच झाकून टाकतो.

ब्लेझरच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. गोव्यात फोंड्याकडच्या एका नवरदेवाच्या मामांचं उदाहरण घ्या. छाती ४६, पोट ४९. दुकानात ४६ चा ब्लेझर खांद्यात चपखल बसला, पण बटण लागेना, म्हणून ५० चा उचलला, तोही रिसेप्शनच्या दोन दिवस आधी. खांदे बाहेर पडले आणि बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत आली. टेलरने बाही दीड इंच वर घेतली, तर मनगटावरची बटणं अगदी काठाला टेकली. बाजू आत घेतल्या, तर खिसे मागे सरकले. खांदे तसेच राहिले. ब्लेझरचा खांदा कमी करायचा तर बाही उसवायची, पॅड काढायचे, काखेचा घेर नव्याने कापायचा आणि बाही पुन्हा बसवायची, म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवण्यासारखंच. लग्नसराईत दोन दिवसांत ते कोणी नीट करून देणार नाही. फोटो झाले आणि ब्लेझर उरलेली संध्याकाळ मामांच्या हातावर राहिला.

त्यांनी ४६ चाच घ्यायला हवा होता. चांगल्या ब्लेझरच्या पाठीच्या आणि बाजूच्या शिवणीत आत कापड दाबलेलं असतं. ते सोडलं की इंच-दीड इंच मिळतो. पुढचं बटण उघडं ठेवून घातला तरी तो रुबाबदार दिसतो, कारण खांदा बरोबर असतो. बटण लावायचंच असेल तर शिवून घ्या. त्यासाठी सव्वा महिना हाताशी ठेवा आणि दोन ट्रायल घ्या. हॉल सहा महिने आधी ठरतो, जेवणाचा मेनू तीन महिने आधी ठरतो आणि अंगावरच्या कपड्याला शेवटचा आठवडा मिळतो, हे पटत नाही. ब्लेझरच्या पाठीला खाली मधे एकच काप (व्हेंट) असेल तर बसल्यावर तो फाकतो, म्हणून दोन बाजूंना दोन काप मागा.

शर्ट शिवताना माप उभं राहून देऊ नका, निदान पोटाचं तरी. खुर्चीवर बसा, श्वास सोडा आणि मग टेप लावू द्या. बसल्यावर पोटाचा घेर सहज दोन इंचांनी वाढतो आणि बटणांमधून बनियन डोकावतो तो तेव्हाच. छातीच्या मापावर ५ ते ६ इंच सैल आणि बसून घेतलेल्या पोटाच्या मापावर ४ इंच सैल पुरे होतात. पोटाच्या उतारामुळे पुढची बाजू वर उचलली जाते, म्हणून पुढचा भाग मागच्यापेक्षा इंचभर लांब कापायला सांगा. आणखी एक गोष्ट सांगायला विसरू नका: पोट जिथे सर्वांत पुढे येतं, तिथे एक बटण आधी ठरवायचं आणि बाकीची त्याच्या वर-खाली मोजायची. एवढ्या एका सूचनेने शर्ट फाकायचा थांबतो.

तयारच घ्यायचा असेल तर बऱ्याच ब्रँडच्या फॉर्मल शर्टावरचा आकडा कॉलरचा असतो, सेंटीमीटरमध्ये. ४४ म्हणजे छाती ४४ इंच, असं धरून चालू नका. खांद्याला बसणारा शर्ट घ्या. तो पोटात थोडा सैल असला तर बाजू आत घेणं टेलरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी मोठी चूक पँटची. पोटाखाली पट्टा आवळून पँट घालायची आणि 'माझी कंबर अजून ३६ च आहे' असं समाधान मानायचं. त्या जागी पँटला टेकायला काही नसतं, ती दर दहा मिनिटांनी खाली घसरते. ती घसरली की मागे सीट लोंबते, पायाशी चुण्या पडतात, पाय आखूड दिसतात आणि वरून पोट पट्ट्यावर ओथंबतं. पट्टा जितका आवळाल तितकं ते जास्त दिसतं. पँट बेंबीच्या जवळ, फार तर बोटभर खाली यायला हवी. हल्लीच्या तयार पँटींचं पुढचं आसन (कंबरपट्टीपासून दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपर्यंतचं अंतर) बऱ्याचदा ९-१० इंचांचं असतं, ते तिथवर पोचतच नाही. ११ ते १२ इंचांचं आसन मागा, मागचं त्याहून बरंच जास्त. कंबरेचा आकडा ४२ आला तर ४२ घ्या, तो आकडा बाहेरून कोणाला दिसत नाही. पुढे कंबरपट्टीखाली एक शिवलेली चुणी (प्लीट) ठेवली की बसताना मांडीला जागा मिळते. बाजूचे खिसे कानासारखे उघडे राहत असतील तर सीट घट्ट आहे, खिसे शिवून टाकून तो दोष जात नाही. खाली बॉटम, म्हणजे पायाशी घेर, १६ इंचांच्या आसपास ठेवा. पोट मोठं आणि पायाशी चिकटलेली पँट, हा मेळ कधीच जमत नाही. तरीही घसरत असेल तर गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावा, क्लिपचे नकोत, बटणांचे.

सोवळ्याचंही तसंच. पोटाखाली बांधलं की आरती संपेपर्यंत ते हातातच धरावं लागतं. शिवाय कंबरेला फेऱ्यातच जास्त कापड जातं आणि निऱ्यांना उरत नाही, म्हणून धोतर विकत घेताना लांबी विचारा.

काळा रंग बारीक दाखवतो म्हणून मे महिन्यात काळा शर्ट घालू नका. दुपारपर्यंत पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. घाम सर्वांत वाईट दिसतो तो फिक्या राखाडी टी-शर्टवर. पांढरा आणि गडद निळा हे दोन्ही आपल्या हवेत निभावतात.

उभे पट्टे बारीक दाखवतात, हा मंत्रही डोळे झाकून जपू नका. रुंद पट्टे पोटावरून वाकतात आणि गोलाई आखून दाखवतात. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो, हे हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९ व्या शतकातच नोंदवलं होतं. पट्टे हवेतच तर बारीक आणि जवळजवळचे घ्या.

कळंगुटच्या किनाऱ्यावर टांगलेले फुलाफुलांचे शर्ट चालतील, पण खांदा बसत असेल तरच. तो शर्ट बाहेर सोडायचा तर पँटच्या चेनच्या अर्ध्यापर्यंत यावा, त्याखाली नको. अर्धी बाही कोपराच्या दोन बोटं वर थांबावी आणि दंडाभोवती इंचभर सैल असावी.

छातीच्या खिशात मोबाइल नको. लायक्राचा पातळ टी-शर्ट तर घरातही नको, तो प्रत्येक वळीला चिकटतो. नेहमीचा टाय साधारण ५८ इंचांचा असतो, तो जाड मानेवर आखूड पडतो. ६२-६३ इंचांचा मिळाला नाही तर निदान एकेरी, छोटी गाठ बांधा.

पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर जीन्स घालून चालल्यावर मांड्या सोलवटतात आणि आतल्या बाजूचं कापडही तिथेच विरतं. आत मांडी झाकणारी लांब कॉटनची चड्डी घाला. नवी जीन्स घेतली की फाटायच्या आधीच त्या जागी आतून पातळ कापडाचं अस्तर लावून घ्या, फाटल्यावरचं ठिगळ टोचतं. लिनन शिवायला देत असाल तर कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच टेलरच्या हातात द्या. तो 'गरज नाही' म्हणाला तरी भिजवा. न भिजवलेलं लिनन पहिल्या धुण्यात आटतं आणि पोटाच्या मापावर सैल सोडलेल्या त्या चार इंचांतला काही भाग तिथेच जातो.