ऑटोमॅटिक गाडी आणि गायमुखचा उतार

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्यामुळे डाव्या पायाला काही काम उरत नाही. तो बाजूला स्थिर ठेवावा आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच दाबावेत, कारण क्लचला सरावलेला डावा पाय चुकून ब्रेकवर पडला, तर गाडी जागच्या जागी थांबते आणि मागची रिक्षा थेट डिकीवर येते. निघताना ब्रेक पूर्ण दाबूनच गिअर ‘पी’ म्हणजे पार्किंगवरून ‘डी’ म्हणजे ड्राइव्हवर आणावा. ब्रेक सोडताच बहुतेक गाड्या आपोआप पुढे सरकतात; ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या कोंडीत हे सोयीचे असले, तरी सिग्नलला ब्रेकवरचा पाय काढू नये.

घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते, म्हणून ‘एल’ (लो) किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घेऊन वेग इंजिनाकरवी रोखावा आणि ब्रेक अधूनमधून दाबावा. पेट्रोल वाचवायला उतारावर ‘एन’ म्हणजे न्यूट्रल टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

उतारावर गाडी लावताना ब्रेक दाबून धरावा, आधी हँडब्रेक ओढावा, मगच ‘पी’ टाकावा. नाहीतर सारा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खुंटीवर येतो आणि निघताना गिअर ‘खट्’ असा आवाज करीत सुटतो.