चौकातला राग टाळायचा असेल तर: मोटारीकडून सायकलीकडे वळण्याची रीत

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंतचे अंतर ४ किलोमीटरच्या आसपास आहे. हे अंतर मी अनेक वर्षे मोटारीने कापले आणि बहुतेक दिवशी नळ स्टॉपला पोचेपर्यंत कोणाला ना कोणाला तरी शिवी हासडलेली असे. काच बंद असल्याने ती समोरच्याला ऐकू जात नसे. ऐकायला फक्त मीच. आता त्याच अंतरासाठी आठवड्यातून चार दिवस सायकल काढतो. हा बदल करताना जे उपयोगी पडले, ते पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

सायकल विकत घेण्याआधी एक आठवडा मोटारीत वही ठेवावी आणि प्रवास संपला की राग कोठे आला, किती वाजता आला आणि नेमके काय घडले, एवढेच तीन रकाने भरावेत. कट मारला, राँग साईडने आला, हिरवा दिवा लागण्याआधीच मागून हॉर्न वाजवला, अशा नोंदी पुरेशा आहेत. माझ्या वहीत सहा दिवसांत १९ नोंदी झाल्या आणि त्यांतील १४ दोनच चौकांतल्या होत्या. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, खरोखर जिवावर बेतेल असे प्रसंग त्यांत तीनच निघाले. बाकी सर्व ठिकाणी कारण एकच होते, मला उशीर होत होता. मोटारीने तेच अंतर कधी १५ मिनिटांत तर कधी ४० मिनिटांत कापले जाई, आणि त्या अनिश्चित २५ मिनिटांचे खापर मी जो समोर येईल त्याच्या डोक्यावर फोडत असे. सायकलीने मला रोज २० ते २२ मिनिटे लागतात. साध्या सायकलीचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर असतो आणि वाहतूक तुंबली तरी तो फारसा घटत नाही, त्यामुळे उशिराचा राग मुळातच उरत नाही.

दुसरे कारण काचेचे आहे. मोटारीतून माणूस दिसत नाही, वाहन दिसते, आणि म्हणूनच आपण ‘ए रिक्षा’ अशी हाक मारतो. सायकलीवरून चेहरे दिसतात आणि आपले शब्द समोरच्यापर्यंत पोचतात, त्यामुळे ते जरा जपून वापरले जातात. शिवाय राग आला की शरीर पळण्याच्या किंवा भिडण्याच्या तयारीत येते. सीटबेल्टमध्ये ती ताकद हॉर्नवर निघते, तर सायकलीवर तिला निदान पायडल तरी मिळते.

सगळ्या फेऱ्या एकदम सायकलीवर आणण्याचा संकल्प करू नये. असे संकल्प पहिल्या पावसात वाहून जातात. ज्या फेरीत आपण एकटेच असतो, सामान एका पिशवीपुरते असते आणि अंतर ५ किलोमीटरच्या आत असते, ती फेरी आधी निवडावी व आठवड्यातून दोनच दिवस ठरवावेत. आईला दवाखान्यात नेणे, महिन्याचा किराणा आणणे, या कामांसाठी मोटार राहू द्यावी.

खरे कष्ट रस्ता निवडण्यात घ्यावेत, कारण मोटारीच्या रस्त्यानेच सायकल नेली तर राग तोच राहतो आणि वर धूर मिळतो. वहीतले चौक समोर ठेवून ते टाळणारा मार्ग रविवारी सकाळी सायकलीनेच शोधावा. मोबाईलवरचा नकाशा मोटारीच्या हिशेबाने मुख्य रस्त्यावर ढकलतो आणि गल्लीतली सावली त्याला कळत नाही. मी कर्वे रस्ता जवळजवळ पूर्ण सोडतो. एसएनडीटी महाविद्यालयाजवळच्या कॅनॉल रस्त्याने निघून पुढे प्रभात रस्त्याच्या क्रमांकाच्या गल्ल्यांमधून डेक्कनला उतरतो. अंतर थोडे वाढते, पण वाटेत भेटतात ते कुत्र्याला फिरवणारे आजोबा आणि शाळेच्या व्हॅनची वाट पाहणारी मुले. नदीपात्रातला रस्ताही सपाट आहे, परंतु पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे ध्यानात ठेवून दुसरी वाट हाताशी असावी. सायकल ट्रॅकच्या भरवशावर मात्र मार्ग आखू नये. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला खरा, पण कागदावरचा ट्रॅक प्रत्यक्षात विजेच्या खांबापाशी, दुचाकींच्या रांगेपाशी किंवा वडापावच्या गाडीपाशी संपतो. आधी जाऊन पाहावे, मग विश्वास ठेवावा.

सायकल महागडी असण्याची गरज नाही. घरातली जुनी असेल तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ‘ओव्हरऑइल’ करून घ्यावी, ब्रेकचे रबर बदलावे आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. सीटची उंची मात्र स्वतः तपासावी, कारण बहुतेकांची सीट फार खाली असते व गुडघे त्याची किंमत मोजतात. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्याला हलका बाक राहतो. मडगार्ड, घंटी, मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा एवढे बसवून घ्यावे, आणि हेल्मेट घालावे. घामाची चिंता नवख्याला फार असते. एक शर्ट आणि पंचा कार्यालयात ठेवला व दहा मिनिटे आधी पोचले की तिचे काम भागते.

रस्त्यावर अगदी कडेला चिकटून चालू नये. तेथे गटाराची झाकणे असतात, आणि उभ्या मोटारींचे दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो, म्हणून उभ्या वाहनांपासून किमान हाताच्या लांबीएवढे, शक्य तर एक मीटर अंतर ठेवावे. बस किंवा डंपर डावीकडे वळण्याची शक्यता असेल तेव्हा त्याच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये. चालकाला तेथले दिसत नाही. वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहावे, हात दाखवावा आणि मगच वळावे.

तरीही राग येईल. सायकलस्वाराचा राग वेगळा असतो; त्यात भीती असते आणि ‘मी प्रदूषण करत नाही’ असा थोडा तोराही असतो. तिसऱ्या महिन्यात एका रिक्षाने मला असे दाबले की मी ओरडलोच. चालकाने रिक्षा बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाला, “काका, दिसलाच नाहीत. मागचा दिवा लावा की.” संध्याकाळचे सात वाजले होते आणि माझा दिवा खरोखरच बंद होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: कट मारणाऱ्याला पुढच्या सिग्नलला गाठायचे नाही, बॉनेटवर थाप मारायची नाही, पायडलचे वीस फेरे मोजायचे आणि तोवर तोंड उघडायचे नाही. वीस फेऱ्यांनंतर बोलण्यासारखे क्वचितच काही उरते. कोणी खरोखर अंगावर गाडी घातली, पाठलाग केला किंवा धमकावले, तर वाद न घालता दुकानासारख्या वर्दळीच्या ठिकाणी थांबावे, वाहनाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ११२ वर फोन करावा. बेदरकार वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे. मात्र ते कलम कोणत्याही वाहनाला लागू होते, तेव्हा राँग साईडने सायकल दामटवणाऱ्यानेही ते वाचून ठेवलेले बरे.

मोटार काढावी लागेल त्या दिवशी पंधरा मिनिटे आधी निघावे आणि कोणाला नेमकी वेळ देऊ नये. ‘साडेदहाच्या सुमारास’ म्हणावे. सायकल चालवू लागल्यानंतर मोटारीतूनही कडेचा सायकलस्वार आधी दिसू लागतो आणि हॉर्नकडे गेलेला हात बरेचदा परत येतो.

मुसळधार पावसात हट्टाने सायकल काढू नये. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. अशा दिवसांसाठी माझी सोय मेट्रोची आहे. नळ स्टॉपवरून डेक्कन जिमखाना दुसरेच स्थानक. पाऊस उघडण्याची चिन्हे असली तर स्थानकापर्यंत सायकलीनेच जातो. तेथे सायकल ठेवायला सुरक्षित जागा आहे का, हे आपापल्या स्थानकावर आधी पाहून घ्यावे. कुलूप नुसत्या पुढच्या चाकाला लावू नये. ते चाक मिनिटभरात निघते आणि बाकीची सायकल चोराची होते. साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन पक्क्या गजाला अडकवावी व सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, म्हणजे परतताना पँट कोरडी राहते.