पाण्याचं रॉकेट सरळ कसं उडवावं

पाण्याचं रॉकेट म्हणजे थोडं पाणी आणि दाबलेली हवा भरून, तोंड खाली ठेवून उडवलेली बाटली. ते नीट उडालं नाही की जो तो एकच सल्ला देतो, हवा जास्त भरा. हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. रॉकेट जमिनीपासून थोडं वर जाऊन गिरक्या खातं, आडवं होतं, ते बहुतेक वेळा हवा कमी पडली म्हणून नाही, नाकात, म्हणजे वरच्या टोकाला, वजन कमी पडलं म्हणून. मलाही हीच पायरी उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून ती खाली सविस्तर सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. फटाक्यांची दारू काढून घरी रॉकेटची मोटर बनवायला कोणी सांगत असेल, तर त्याच्या शेजारी उभंही राहू नका. पाणी आणि हवा एवढ्यावर रॉकेट तीन-चार मजल्यांच्या वर सहज जातं.

बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच घ्या, सव्वा लिटरची. साध्या पाण्याची किंवा तेलाची चालत नाही, ती दाब धरण्यासाठी बनवलेलीच नसते. बाटली खरवडू नका. फेविक्विक लावू नका, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. गरम गोंदाची बंदूकही लांब ठेवा, तिच्या उष्णतेने बाटली आकसते. सगळं काम पॅकिंगच्या रुंद चिकटपट्टीवर होतं.

पंख तीन, सनपॅक शीटचे. जाहिरातीच्या जुन्या बोर्डाचा तुकडा पुरतो. बाटलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन समान भाग करा, खुणांवर पंख उभे चिकटवा, तोंडाच्या बाजूला.

आता वजन. रॉकेटमध्ये दोन बिंदू महत्त्वाचे. बोटावर तोलून धरलं की जिथे ते आडवं स्थिर राहतं, तो गुरुत्वमध्य. उडताना बाजूने येणाऱ्या हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो, तो दाबमध्य. गुरुत्वमध्य नाकाकडे आणि दाबमध्य शेपटीकडे असेल तर रॉकेट जरा कललं तरी हवा शेपटी मागे ढकलते आणि ते पुन्हा सरळ होतं. उलट असेल तर तीच हवा त्याला फिरवून टाकते. दोन्हींमध्ये निदान बाटलीच्या जाडीएवढं, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर अंतर हवं.

दाबमध्य शोधायला गणित लागत नाही. रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पंखांसकट पुठ्ठ्यावर काढा, कापा, आणि तो पुठ्ठा पट्टीच्या कडेवर तोला. जिथे तोलतो ती खूण बाटलीवर करा. खरा दाबमध्य याच्याही थोडा मागे असतो, त्यामुळे या पद्धतीने चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

गुरुत्वमध्य मात्र रिकाम्या बाटलीवर काढायचा. इथेच बहुतेक जण फसतात. पाणी भरून तोलतात, सगळं ठीक दिसतं, आणि रॉकेट वर जाऊन लोळतं. पाणी तर सुटल्यावर सेकंदभराच्या आतच बाहेर पडतं. पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा असतो. त्या रिकाम्या बाटलीला सरळ ठेवणारं वजन नाकातच असायला हवं.

वजनासाठी जुना टेनिस बॉल घ्या. आपल्याकडे गल्लोगल्ली टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, फाटका बॉल कुठेही मिळेल. नवा असेल तर तो ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो आणि पडताना मऊ लागतो. बाटलीच्या बुडावर, तेच रॉकेटचं नाक, तो चिकटपट्टीने बसवा. दुसऱ्या बाटलीचा घुमटासारखा वरचा भाग, गळा पूर्ण कापून, त्यावर टोपीसारखा चढवा; बॉलचा थोडा भाग बाहेर राहू द्या. नाकात दगड, खिळे, नट, बॅटरीचे सेल कधीही घालू नका. वाळलेली शाडूची मातीसुद्धा नको. हे नाक वरून कोणाच्या तरी डोक्याच्या दिशेने येणार आहे, हे धरूनच ते बनवायचं.

मग शेवटची परीक्षा. गुरुत्वमध्याच्या खुणेवर दोन मीटरची दोरी बांधून चिकटपट्टीने पक्की करा आणि मोकळ्या जागी डोक्यावर गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपटीकडून फिरलं तर नाकात थोडी प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) वाढवा. पंख वाढवण्याचा मोह टाळा. मोठे पंख वारा पकडतात आणि रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून निघून जातं. या परीक्षेत नापास झालेलं रॉकेट उडवून बघूया म्हणणाऱ्याला मी मैदानात येऊ देत नाही.

विकतच्या किटमध्ये लाँचर, म्हणजे रॉकेट धरून ठेवणारा आणि सोडणारा सांगाडा, असेल तर तो वापरा. स्वतः बनवणार असाल तर अडचण पाईपची. दुकानात नुसतं ‘अर्धा इंची’ म्हटलं की गरम पाण्याचा सीपीव्हीसी हातात येतो, तो बारीक आहे. शेतीचा २० मिलिमीटरचाही ढिला होतो. तुम्हाला हवा घरच्या नळजोडणीचा यूपीव्हीसी, बाहेरून २१.३ मिलिमीटर; बाटलीचं तोंड आतून साधारण २१.७ असतं. बाटली सोबत न्या, तिथेच घालून बघा. पाईपला खाच पाडून ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) बसवा, खालच्या टोकाला ट्युबलेस टायरचा व्हॉल्व्ह. बाटली धरायला पाईपभोवती केबल टाय बांधा, त्यांची डोकी गळ्याच्या कडेवर अडकवा आणि वरून रुंद पाईपचा तुकडा सरकवून ती दाबून ठेवा. दोरीने तुकडा खाली ओढला की रॉकेट सुटतं.

पाणी बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर. जोर दाबलेल्या हवेत असतो. पाणी जास्त भरलं तर त्या हवेलाच जागा उरत नाही.

जागेचं म्हणाल तर साताऱ्यात वाऱ्याला कमी लेखू नका. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. दिवाळीनंतर सोयाबीन निघालेली रानं उत्तम, मालकाला विचारून, सकाळी लवकर. उभ्या उसाच्या कडेला उडवू नका, आत गेलेलं रॉकेट सापडत नाही आणि पाती हातपाय कापतात. विजेच्या तारांपासून लांब राहा. तारेवर अडकलेलं रॉकेट तिथेच सोडून द्यायचं. कासच्या पठारावर तर नकोच. ते पठार जागतिक वारशात आहे, तिथे धावत रॉकेट शोधणं म्हणजे फुलं तुडवणं.

उडवताना गेज असलेला पायपंप, पाच मीटरहून लांब नळी, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा. दाब ६० पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं माप) वर नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. मोठ्याने उलटी मोजणी करा आणि रॉकेट खाली येईपर्यंत प्रत्येकाची नजर वर असू द्या. पॅराशूट पहिल्या दिवशी नको. आधी सरळ जातंय हे पक्कं होऊ द्या. तोवर रॉकेट नाकावर वेगाने पडणार, म्हणून क्रिकेटच्या मैदानाएवढी जागा माणसं आणि जनावरांपासून मोकळी हवी.

दोरी ओढूनही सुटलं नाही तर जवळ जाऊ नका. लांबूनच, पंपाच्या टोकाने हवा सोडा, गेज शून्यावर आलं की मगच हात लावा. प्रत्येक उड्डाणानंतर बाटली उजेडात धरून बघा. पांढरी रेघ, घडी किंवा चीर दिसली की ती बाटली बाद, पंख आणि बॉल काढून नव्या बाटलीला लावा.