झिप की टार? कोड पाठवताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीममध्ये हे नेहमी घडतं. विंडोजच्या लॅपटॉपवर फोल्डरची झिप केली, लिनक्स सर्व्हरवर उघडली, स्क्रिप्ट चालवली की ‘परमिशन डिनाइड’. मग कोणीतरी घाईघाईत अख्ख्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी, देऊन टाकतं. काम सुरू होतं खरं, पण आता त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला त्या फाइली बदलता येतात!

विंडोजवर फाइल ‘एक्झिक्युटेबल’ (थेट चालवता येणारी) असल्याची लिनक्ससारखी खूणच नसते, तर ती झिपमध्ये येणार कुठून? सिमलिंकचंही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तसंच. लिनक्सवरची झिप कमांड वेगळं सांगितल्याशिवाय लिंक ठेवत नाही, मूळ फाइलची प्रत भरते. टार (लिनक्सवर अनेक फाइली एकत्र बांधायची पद्धत) दोन्ही गोष्टी जपतं. म्हणून लिनक्सवरून लिनक्सवर जायचं असेल तर टार-जीझिप, म्हणजे टार करून जीझिपने दाबलेली फाइल. विंडोजवरच काम करत असाल तर ती खूण गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) एकदा नोंदवा आणि ‘गिट आर्काइव्ह’ वापरून पॅकेज काढा. त्यात फक्त कमिट केलेल्या (गिटमध्ये नोंदवलेल्या) फाइली येतात, त्यामुळे पासवर्ड असलेली, कमिट न केलेली ‘एन्व्ह’ ही सेटिंग्जची फाइल चुकून क्लायंटकडे जात नाही. माझ्या मते एवढी एकच सवय लावली तरी निम्मा त्रास संपतो.

पण समोर हिशेबनीस असेल तर झिपच द्या. विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार कमांड आहे हे खरं, पण ते कमांड विंडो उघडणार नाहीत, तुम्हाला फोन करतील.

लासलगावच्या व्यापाऱ्यासाठी ‘कांदा दर’ अशा नावाची फाइल पाठवली आणि तिकडे नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसली? झिप बनवणाऱ्या जुन्या टूलने नाव यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये असल्याची नोंद केलेली नसते. टूल बदला, नाहीतर सरळ फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा.

सगळ्यात लहान फाइल होते म्हणून सर्व्हरचा बॅकअप सेव्हन-झिपमध्ये घेऊ नका. त्यात लिनक्सचे ओनर आणि ग्रुप साठवले जात नाहीत. आधी टार करा, मग हवं तसं दाबा. वेग हवा असेल तर झेडस्टँडर्ड, आकार कमी हवा आणि थांबायची तयारी असेल तर एक्सझेड. रार टाळा, ते बनवायला मालकीचं सॉफ्टवेअर लागतं.

‘नॉट इन जीझिप फॉरमॅट’ आलं तर एक्स्टेन्शनवर जाऊ नका, ‘फाइल’ कमांडला विचारा. बऱ्याचदा डाउनलोड झालेलं असतं ते लॉगिनचं एचटीएमएल पान! ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ म्हणजे बहुधा डाउनलोड अर्धवट राहिलंय. दोन्हीकडचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा, जुळला नाही तर पुन्हा उतरवा.

झिपचा जुना पासवर्डही भरवशाचा नाही, शिवाय आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवायच दिसतात. गुपित काही असेल तर सेव्हन-झिपमध्ये नावं लपवण्याचा पर्याय चालू करा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका.